पायाखालची गल्ली

लातुरात माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या मूत्रपिंडाला जास्त गिऱ्हाईक आहे, हे अर्शियाला एकोणिसाव्या वर्षीच कळून चुकलं होतं. डॉक्टर व्हायला आलेली हजारो पोरं या गावात खोल्या घेऊन राहतात आणि त्या सगळ्यांना हृदयाचे कप्पे, पानाचा छेद आणि बेडकाचं पोट लागतं. क्लासवाल्यांच्या नोट्समधली ही चित्रं झेरॉक्सवर झेरॉक्स काढून इतकी काळवंडली होती, की त्यातलं यकृत कुठलं आणि जठर कुठलं हे फक्त देवाला आणि पेपर काढणाऱ्याला ठाऊक. अर्शियानं ती नव्यानं काढायला घेतली. कॉम्प्युटरवर, रंगात, घरबसल्या.

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. सुरुवात झाली बापाच्या मोबाईलवर, करंगळीनं. बाकीची बोटं काचेवर जाड उमटायची. मग नांदेडच्या एका दुकानातून जुना पेन टॅबलेट आला. पाटीएवढी काळी फळी, तिच्यावर पेन फिरवायचं आणि रेघ उमटणार समोरच्या पडद्यावर. हात एकीकडे, नजर भलतीकडे. पहिले पंधरा दिवस तिला साधं वांगं काढता आलं नाही. आई शिवणयंत्रावर बसून हे बघायची आणि म्हणायची, की पोरीनं पैसे देऊन डोकेदुखी विकत आणली.

मग एक दिवस तिला थर सापडले. एका चित्रात शंभर पारदर्शक कागद एकावर एक ठेवता येतात. एकावर हाडं काढा, दुसऱ्यावर स्नायू, तिसऱ्यावर कातडी. वाटेल तो झाका, वाटेल तो उघडा, बाकीच्यांना धक्का नाही. अर्शिया खुर्चीतून उठून उभीच राहिली होती. तिनं अब्बांना बोलावून दाखवलं. निजामोद्दीन पेंटर म्हणजे एकेकाळी लातूरच्या निम्म्या पाट्यांचे धनी. फ्लेक्स आले आणि त्यांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला तो ठेवलाच; आता ते एका फ्लेक्सच्याच दुकानात बॅनरच्या कडेला रिंगा ठोकायचं काम करत. चाळीस वर्षं त्यांनी रंगावर रंग चढवला होता. एकदा पांढरा हात मारला की खालचं गेलं, हा त्यांचा अनुभव.

"मतलब नीचेका जाता नै?" त्यांनी विचारलं.

"नै अब्बा. सिरफ ढक जाता."

ते बराच वेळ थर झाकत-उघडत बसले. त्यांना त्या दिवशी पोरीचा अभिमान वाटला आणि थोडा हेवाही वाटला, हे त्यांनी जेवताना बोलूनही दाखवलं.

घरात एक नियम होता आणि तो अख्तरीचा, म्हणजे अर्शियाच्या आईचा होता. माणसाचा चेहरा काढायचा नाही. ज्यानं चेहरा काढला त्याला कयामतच्या दिवशी सांगतील, आता यात जीव घाल. मग काय करशील? त्यामुळं वाढदिवसांच्या बॅनरची सगळी कामं परत जायची आणि आतडी, फुफ्फुसं, मेंदू एवढाच धंदा उरायचा. माणसाचं आतलं चालेल, बाहेरचं नाही, असा तो न्याय. तिघांनाही त्याची सवय झाली होती.

विरूपाक्ष सर तिचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. स्वतःच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. सहा फूट उंच माणूस, माईक न घेता शेवटच्या बाकापर्यंत आवाज. एरवी काम फोनवर सांगणारे सर एक दिवस स्वतः घरी आले, चहा घेतला, कपाकडं बघत बसले आणि शेवटी म्हणाले, "एक चित्र पाहिजे होतं. नोट्ससाठी न्हाई. माझ्या आईसाठी."

भूकंपाला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. औसा तालुक्यातल्या त्यांच्या गावात त्या पहाटे दगडाची घरं दगडासारखीच खाली आली. वडील बसलिंगप्पा गेले, नऊ वर्षांची थोरली बहीण मंजुश्री गेली. आई पार्वतम्मा चार दिवसांसाठी चाकूरला माहेरी गेली होती, सहा वर्षांच्या विरूपाक्षला घेऊन. मंजूला गणपतीची मिरवणूक बघायची होती म्हणून ती बापापाशी राहिली. आई परतली तेव्हा गल्ली म्हणून काही शिल्लक नव्हतं. सरकारनं पुढं दोन कोसांवर नवं गाव वसवलं, सरळ रस्त्यांचं, नंबर घातलेल्या घरांचं. जुन्या जागेवर बाभळी माजल्या. गल्लीचा एकही फोटो कुणाकडं नव्हता. फोटो होते ते लग्नातले, आणि तेही ढिगाऱ्यातच राहिले.

"आता तिला काचबिंदू झालाय," सर म्हणाले. "नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर कडेनं मिटत आलीय. मधोमध रुपयाएवढं दिसतं. सहा महिने, फार तर वरीस. मी विचारलं, अव्वा, काय बघायचं तुला? काशी, श्रीशैलम, कुठं नेऊ? म्हणली, माझी गल्ली एकदा बघायची होती."

हे सांगताना त्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज अगदी बारीक झाला. अर्शियानं आईकडं पाहिलं. अख्तरी म्हणाली, "घरांचं चित्र आहे. काढ की."

सरांना स्वतःला गल्लीतलं काही आठवत नव्हतं. त्यांनी अर्शियाला नव्या गावात नेऊन चुलत्यांसमोर बसवलं. सिद्धलिंगकाका म्हणजे गावचा चालताबोलता नकाशा. त्यांनी कॅलेंडरच्या मागं गल्ली आखून दिली. लगेच दुसरा एक म्हातारा म्हणाला की मठाचं दार उत्तरेला नव्हतं, पूर्वेला होतं. तिसरा म्हणाला, तुम्हा दोघांचीही अक्कल दक्षिणेला गेलीय. तासभर असं चाललं आणि शेवटी सिद्धलिंगकाकांचा आवाज मोठा म्हणून त्यांचा नकाशा खरा ठरला. कोणत्या घराचा कट्टा किती उंच, माळवदावर कुठं कणगी ठेवत, कडुनिंबाची सावली दुपारी कुणाच्या दारात पडायची, सगळं त्यांनी सांगितलं. अर्शियानं वही भरली.

दीड महिना ती त्या एका चित्रावर बसली. चिऱ्यांच्या भिंती, धाब्याची घरं, मठाची कमान, कोनाड्यातली पणती, दगडावर पडलेलं सकाळचं कोवळं ऊन. माणूस एकही नाही, पण आता कुणीतरी दारातून बाहेर येईल असं वाटावं. तिनं आजवर इतकं चांगलं काही काढलं नव्हतं आणि हे तिला माहीत होतं. सिद्धलिंगकाकांनी पडद्यावर पाहिलं आणि ते ढसाढसा रडले. "हेच," ते म्हणाले, "हुबेहूब हेच."

चित्र मोठं छापून, चौकट करून सरांच्या घरी नेलं. पार्वतम्मा अंगणात बाजेवर बसली होती. लहानखुरी बाई, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, अंगात खणाची चोळी. सरांनी चित्र तिच्यासमोर धरलं. तिनं मान थोडी थोडी हलवत, त्या रुपयाएवढ्या नजरेनं ते कोपऱ्या-कोपऱ्यानं पाहिलं. पाहायला तिला बराच वेळ लागला.

"लई गोजिरं हाय गं," ती म्हणाली. "कोणतं गाव हाय हे?"

"अव्वा, आपलंच हाय," सर म्हणाले. "आपली गल्ली. काकांनी सांगितलीय."

तिनं चित्राच्या आणखी जवळ नाक नेलं, मग मागं सरली आणि पोराकडं पाहून समजुतीनं म्हणाली, "आसंल."

तो एक शब्द अर्शियाला नकारापेक्षा जड गेला. नावं ठेवली असती तर तिनं भांडण केलं असतं, चूक दाखवली असती तर सुधारली असती. पण म्हातारीनं तिचं मन राखलं होतं. निघताना सर म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, तुमची चूक न्हाई. अव्वाचं आता वय झालं." अर्शियाला ते पटलं नाही. आपण त्या बाईला तिची गल्ली दाखवू शकलो नाही आणि तिच्या डोळ्यांचे दिवस मात्र संपत चाललेत, एवढंच तिला दिसत होतं. चार दिवस तिनं पेनला हात लावला नाही. क्लासवाल्याचं एक स्वादुपिंड अर्धवट पडून राहिलं.

पाचव्या दिवशी अख्तरी तिला ओढून गंजगोलाईला घेऊन गेली, अस्तराचं कापड घ्यायला. गोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात आणि सोळाही रस्त्यांवरची गर्दी आपलाच रस्ता खरा समजून चालते. अख्तरी बुरख्यात, तोंडावर नकाब, मान खाली. एकदाही वर न बघता ती भाजीच्या हाऱ्यांमधून, हातगाड्यांमधून सुळकन निघाली. अर्शियाला मागं धावावं लागत होतं. मध्येच अख्तरी म्हणाली, "इधर फर्शी हिलती, पाँव सँभाल." फरशी खरंच हलत होती. पुढं म्हणाली, "अब नाली," आणि नाली आली.

"अम्मी, ये दुकान की पाटी का रंग क्या है?" अर्शियानं सहज विचारलं. त्या दुकानाची पाटी अब्बांनी रंगवलेली होती आणि गेली वीस वर्षं अख्तरी त्याच दुकानात येत होती.

"मेरेकू क्या मालूम?" अख्तरी म्हणाली. "ऊपर कायकू देखना? रस्ता नीचे रहता."

अर्शिया गर्दीत थबकली. मागून एका हातगाडीवाल्यानं तिला शिवी दिली, ती तिला ऐकू आली नाही. अस्तराचं कापड राहिलं बाजूला. ती तिथून तडक सरांच्या घरी गेली. पार्वतम्मा बाजेवरच होती, शेंगा फोडत.

"अव्वा," अर्शिया तिच्यापाशी जमिनीवर बसली. "तुम्ही सून म्हणून गल्लीतून जायच्या, तेव्हा बघायच्या कुठं?"

"कुठं बगणार? खाली." म्हातारीला प्रश्नच चमत्कारिक वाटला. "पदर हितवर," तिनं नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. "दोन्ही अंगाच्या कट्ट्यावर सासरे, भाया म्हंजी थोरले दीर बसल्याले. मठापाशी चप्पल काढून हातात घ्यायची. मान वर करायची काय टाप हाय. सोळाव्या वर्षी आले त्या गल्लीत, बावीस वर्सं काढली. घरांची तोंडं म्या बगितलीच न्हाईत, माय. ती गडीमाणसांची."

"मग खाली काय होतं?"

पार्वतम्माच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं डोळे मिटले आणि बाजेवरून खाली सोडलेले पाय जमिनीवर जरा पुढं सरकवले, जसं पाणी किती गार आहे ते बघतात.

"आडावरून निघालं की पहिल्यांदा मोठाली फरशी. उन्हात पाय पोळायचा, म्हणून कडंकडंनं जायचं. मग काळा दगड. गुळगुळीत, तेल लावल्यासारका. पावसात दोन बाया पडल्याल्या तिथं, एक म्याच. त्येच्या म्होरं दोन दगडांत भेग, त्यात नेहमी ज्वारीचं एखादं ताट उगवायचं, कुणाच्या तरी पोत्यातून सांडल्यालं. मग नाली. आडवी. तिच्यावर एक फुटकं जातं टाकल्यालं, त्येच्या भोकात पायाचं बोट अडकायचं..."

ती बोलत राहिली आणि अर्शियानं मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून तो दोघींच्या मध्ये ठेवून दिला. कुणाचा उंबरा चिऱ्याचा, कुणाचा लाकडी. कुणाच्या दारात शेण सारवलेलं कायम ओलं, कारण ती बाई टापटिपीची. कुणाच्या पायरीला लोखंडी कडी, बैलाला बांधायची. हे सगळं बाई मागं-पुढं न होता, एकामागून एक सांगत होती. बावीस वर्षं खाली घातलेली मान एवढं साठवून बसली असेल हे अर्शियाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला वाटलं, आपण आजपर्यंत नुसते पडदे रंगवले. चित्र तर या बाईकडं आहे.

तरी एकटीच्या आठवणीवर किती विसंबायचं? ती पुन्हा नव्या गावात गेली आणि या वेळी कट्ट्यावर न थांबता थेट चुलीपाशी गेली. त्या गल्लीतल्या आणखी दोन बाया हयात होत्या, कमलम्मा आणि महादेवी. दोघींनाही तिनं तोच प्रश्न विचारला. दोघींनी आधी तिला हसून घेतलं, मग पाय पुढं केले. सिद्धलिंगकाका बाहेरून ओरडले, "अगं, त्यांना काय माहीत? त्या कुठं हिंडल्यात?" कमलम्मा आतूनच म्हणाली, "तुमच्या कट्ट्याखालचा दगड हलायचा, ठाव हाय का तुमाला? बसून बसून तुमीच हलवल्याला."

घरी येऊन अर्शियानं तिघींची गल्ली तीन थरांवर काढली. पार्वतम्माची वेगळी, कमलम्माची वेगळी, महादेवीची वेगळी. माप पावलांचं धरलं, कारण तिघींनीही अंतर पावलांतच सांगितलं होतं. एकीचा थर काढताना बाकीचे दोन झाकून ठेवले, म्हणजे हाताला लबाडी सुचायला नको. आठ दिवस लागले. नवव्या दिवशी दुपारी तिनं तिन्ही थर एकदम उघडले.

काळा दगड काळ्या दगडावर बसला. नाली नालीवर, जातं जात्यावर. महादेवीच्या गल्लीत दोन पावलं जास्त होती, पण ती बुटकी बाई होती, तिची पावलं लहान. ते जमेला धरल्यावर तीही चपखल बसली. तीन म्हाताऱ्या, सव्वीस वर्षांत त्यांनी एकमेकींशी या दगडांबद्दल एक शब्द काढला नव्हता. गडीमाणसांना मठाचं दार कुठल्या दिशेला हे ठरवता आलं नव्हतं, आणि इथं फुटक्या जात्याचं भोकसुद्धा एकाच जागी होतं. ही गल्ली कुणी बनवलेली नव्हती, कल्पनेतली नव्हती. ती कुठं गेलीच नव्हती. अख्तरी शिवणयंत्र थांबवून मागं येऊन उभी राहिली. तिनं पडद्यावरच्या दगडांकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "सुभानल्लाह."

मग खरं रंगवणं सुरू झालं. या वेळी तिनं चिऱ्याची छिद्रं काढली, सांध्यातली माती काढली, उंबऱ्याच्या मधोमधची झीज काढली. दोन-तीन दिवसांआड ती पार्वतम्माकडं जायची आणि विचारून यायची. पावलं काढू का, माणसांची? असं विचारल्यावर म्हातारी म्हणाली, "नको. म्या पारोशी पाण्याला जायची तव्हा रिकामी असायची गल्ली. तशीच ठिव." आणि अर्शिया उठायला लागली तेव्हा तिनं तिचा हात धरला.

"एक ऱ्हायलं. आमच्या दाराच्या अलीकडं पायरी हाय बग. तिच्यावर मंजीनं खिळ्यानं रेघा मारल्याल्या, नवकंकरी खेळायला. चौकोनात चौकोन. पायरी खराब केलीस म्हणून म्या एक चापट मारली होती. चाकूरला निघायच्या आदल्या दिवशी." तिनं अर्शियाचा हात सोडला. "रेघा वाकड्या काढ. सरळ नव्हत्या."

अर्शियानं डाव्या हातानं त्या रेघा काढल्या. त्या दिवशी तिच्यानं पुढं काम झालं नाही.

हे चित्र भिंतीवर टांगायचं नव्हतंच. ते जमिनीवर अंथरायचं होतं, दगडाला दगडाएवढं. रुंदी चार फूट, लांबी सत्तर फूट, आडापासून उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्याच्या आत हातभर सारवलेली जमीन. निजामोद्दीन म्हणाले, साधा फ्लेक्स चकाकतो, त्या बाईच्या डोळ्यावर तिरीप येईल. त्यांनी मालकाला गळ घालून चकाकी नसलेलं कापड मागवून घेतलं. छपाई चालू असताना ते यंत्रापाशीच बसून होते. दगडामागून दगड यंत्रातून बाहेर येत होता आणि वाढदिवसांचे बॅनर न्यायला आलेली माणसं आपले बॅनर विसरून तो बघत उभी होती.

रविवारी सकाळी क्लासच्या मागच्या मोकळ्या जागेतल्या पोरांच्या सायकली हलवून ते कापड अंथरलं. वाऱ्यानं कडा उडू लागल्या, तेव्हा सरांनी वजनाला जाडजूड गाईडं आणून ठेवली. आयुष्यात त्या पुस्तकांचा इतका चांगला उपयोग झाला नसेल. अख्तरी आली होती, निजामोद्दीन आले होते. सर आईला हाताला धरून घेऊन आले. अर्शिया कापडाची एकच कडा पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली. या वेळीही ती "आसंल" म्हणाली तर? पुन्हा काढायला वेळ उरला नव्हता. गेल्या पंधरवड्यात म्हातारीचा रुपया आठ आण्याएवढा झाला होता.

पार्वतम्मा कापडाच्या कडेला उभी राहिली. खाली पाहिलं. मग तिनं पोराचा हात सोडवला, पायातल्या चपला काढल्या आणि मठापाशी धरायची तशा हातात धरल्या. दुसऱ्या हातानं पदर नाकापर्यंत ओढला. आणि चालू लागली.

मोठ्या फरशीवरून ती मधून गेली नाही, कडंकडंनं गेली. काळ्या दगडाशी तिचं पाऊल आपोआप आखूड पडलं, अंगठा रुतवून. ज्वारीच्या ताटाला तिनं पाय लागू दिला नाही. एकदाही ती चाचपडली नाही; घरात बाजेपासून मोरीपर्यंत भिंत धरून जाणारी बाई ती हीच का, असं सरांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिचे ओठ हलत होते. कोण कुणाचा उंबरा ते ती पुटपुटत होती, दोन्ही अंगाला, आणि मध्येच कुणाच्या तरी कट्ट्यापाशी अंग चोरून घेत होती. तिथं उजव्या बाजूला अर्शियाला फक्त डांबर आणि एका स्कूटरचं चाक दिसत होतं. नालीवर पार्वतम्मानं लांब ढांग टाकली. सपाट कापडावर, चौसष्टाव्या वर्षी.

अख्तरीनं नकाब वर करून डोळे पुसले.

मंजूच्या पायरीपाशी ती थांबली. वाकली. त्या वाकड्या रेघांवर तिनं बोटं फिरवली नाहीत, नुसती त्यांच्यावर धरली, शेकोटीवर धरतात तशी. मग उठून ती त्या पायरीला वळसा घालून गेली आणि आपल्या दाराशी आली.

उंबरा चित्रातला, त्याला उंची कसली? पण तिनं उजवा पाय वीतभर उचलला, उंबऱ्याला न लागू देता पलीकडं ठेवला. आणि तो ठेवताना ती कमरेतून वाकली. मान खाली, खांदे आवळलेले, चपलांचा हात पोटाशी, दुसरा हात डोक्याच्या वर, कशाच्या तरी कडेला टेकवलेला. तशीच ती आत गेली आणि आत गेल्यावर सरळ झाली.

अर्शियानं दार काढलंच नव्हतं. चौकट किती ठेंगणी ते तिनं कुणाला विचारलं नव्हतं, तिला कुणी सांगितलं नव्हतं. सायकलींच्या जागेत, भर सकाळच्या उन्हात, तिथं एक दार उभं होतं आणि त्यातला एक दगडही तिच्या हातचा नव्हता.

विरूपाक्ष सर आईमागोमाग कापडावरून निघाले होते. पायातले बूट त्यांनी केव्हा काढले ते त्यांनाही आठवलं नसतं. ते उंबऱ्यापाशी आले, त्यांनी पाय उचलला, तेवढ्यात पार्वतम्मा आतून म्हणाली, "विरू. डोकं."

सर थांबले.

"तव्हा तू एवढा होतास," तिनं कमरेपाशी हात धरून दाखवला. "तव्हा लागत नव्हतं. आता लागंल. वाकून ये."

सहा फुटांचा तो माणूस गुडघ्यांत वाकला, मान छातीला टेकेपर्यंत वाकला, आणि आईनं चौकटीच्या उंचीवर धरलेल्या हाताखालून घरात गेला.